घरातील जगाची चित्रकर्त्री : मेरी कॅसॅट

चित्रकलेच्या इतिहासात राजेरजवाडे, रणांगणे, देवदेवता आणि पौराणिक प्रसंग यांना जे मानाचे स्थान पूर्वापार लाभले, ते घरातील लहान मुलास, त्याच्या शेजारी निजलेल्या कुत्र्यास किंवा मांडीवर विसावलेल्या मांजरास क्वचितच लाभले. असली चित्रे निघतच नव्हती असे नव्हे. इंग्लंडातील थोर चित्रकार सर जोशुआ रेनल्ड्स यांनी १७७५ मध्ये आपल्या कुत्र्याला कवटाळून बसलेल्या मिस बोल्स या मुलीचे मनोहर चित्र काढले होते. परंतु अशा चित्रांतील मूल बहुधा पाहणाऱ्याकडे पाहून गोड हसणारे, वडीलधाऱ्यांच्या कौतुकासाठी सजविलेले असे. शिवाय घरगुती विषय म्हणजे हलका विषय, आणि तो हाताळणारी स्त्री म्हणजे फावल्या वेळात रंगांशी खेळणारी हौशी स्त्री, अशी समजूत रूढ होती. ही समजूत ज्या मोजक्या व्यक्तींनी जन्मभर कष्ट करून खोटी ठरविली, त्यांत मेरी कॅसॅट हिचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

ज्ञातीच्या स्मरणिकेत सातासमुद्रांपलीकडील एका चित्रकर्त्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर या चरित्रातच आहे. घरातील मुलगी चित्रे काढू लागली म्हणजे पाहुण्यांना ती चित्रे कौतुकाने दाखविली जातात. परंतु तीच मुलगी या विद्येवरच आयुष्य उभारीन असे म्हणू लागली की घरातील सूर पालटतो. मेरीच्या घरातही तो पालटला. तेथे विरोध करणारे वडील होते, पाठीशी उभी राहणारी आई होती, आजारी बहीण होती आणि चित्रांइतकीच निष्ठेने सांभाळावी लागणारी माणसेही होती. हे सारे ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही.

मेरीचा जन्म २२ मे १८४४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेघेनी या गावी झाला. हे गाव पुढे पिट्सबर्ग शहरात समाविष्ट झाले. वडील रॉबर्ट कॅसॅट हे शेअरांच्या दलालीत पैसा मिळविलेले सुखवस्तू गृहस्थ होते, आणि आई कॅथरिन ही बहुश्रुत व वाचनप्रिय होती. मुलांना युरोपातील भाषा याव्यात, तेथील शिक्षण मिळावे या हेतूने हे कुटुंब १८५१ पासून सुमारे चार वर्षे फ्रान्स व जर्मनी येथे राहिले. १८५५ मध्ये जर्मनीत मेरीचा एक भाऊ बालवयातच वारला. पुढे मुलांचे चेहरे रंगविणाऱ्या या मुलीने घरातील मुलाचा मृत्यू इतक्या लहानपणी पाहिला होता.

अमेरिकेत परतल्यावर, वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १८६० साली, तिने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया कला अकादमीत नाव घातले. तेथे मुलींची संख्या लक्षणीय होती, परंतु बहुतेकींचे शिक्षण म्हणजे लग्नापूर्वीचा एक अलंकार समजला जाई. प्रत्यक्ष मानवी देह समोर ठेवून अभ्यास करण्याची मुभा त्या काळी विद्यार्थिनींना नव्हती; प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हात बसवावा लागे. मेरीचे यात समाधान होईना. तिने युरोपात जाऊन चित्रकलेचा व्यवसाय म्हणून अभ्यास करण्याचा निश्चय वडिलांना सांगितला, तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर विरोध केला. कुलीन घरातील कन्येने चित्रे विकून राहावे ही कल्पनाच त्यांना सहन होईना. परंतु मुलीचा हट्ट वडिलांच्या क्रोधाहून चिवट निघाला. १८६६ च्या सुमारास आईच्या सोबतीने ती पॅरिसला पोहोचली.

पॅरिसमध्येही दारे सताड उघडी नव्हती. तेथील सुप्रसिद्ध सरकारी कलाविद्यालयात, एकोल द बोझारमध्ये, स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तो १८९७ साली मिळाला. यास्तव तिने त्याच विद्यालयातील अध्यापक झेरोम याच्याकडे खासगी शिकवणी धरली आणि लूव्ह्र संग्रहालयात जुन्या आचार्यांच्या चित्रांच्या नकला करीत दिवस घालविले. पुरुष चित्रकार संध्याकाळी उपाहारगृहांत जमत, वादविवाद करीत, एकमेकांपासून शिकत. प्रतिष्ठित घरातील एकट्या स्त्रीला तेथे पाऊल टाकणे शक्य नव्हते. तिचे विद्यापीठ म्हणजे लूव्ह्रच्या भिंती. १८६८ मध्ये सालाँ या सरकारी प्रदर्शनात तिचे मँडोलिन वाजविणाऱ्या मुलीचे चित्र प्रथम स्वीकारले गेले; त्या वेळी तिने आपले आडनाव न लावता मेरी स्टीव्हन्सन एवढेच नाव दिले होते.

१८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि तिला मायदेशी परतावे लागले. हा काळ निराशेचा होता. वडील घरखर्च चालवीत, पण रंगांसाठी व कॅनव्हाससाठी पैसा देण्यास राजी नव्हते. चित्रे विकली जातील या आशेने तिने ती शिकागोस नेली, तर ऑक्टोबर १८७१ च्या भीषण आगीत त्यांतील काही जळून गेली. कलेचा नाद सोडून अन्य काही उद्योग करावा असेही विचार तिच्या मनात घोळू लागले होते. इतक्यात पिट्सबर्गच्या बिशपने इटलीतील पार्मा येथे जाऊन कोरेज्जोच्या चित्रांच्या नकला करून आणण्याचे काम तिला दिले. ही पहिली खरी मजुरी हाती येताच ती पुन्हा युरोपास निघाली. कोरेज्जोच्या चित्रांतील मातेच्या अंगावर रेललेली बालके तिने पार्मा येथे जवळून अभ्यासिली. त्यानंतर स्पेनमध्ये काही काळ काम करून १८७४ मध्ये तिने पॅरिसमध्येच कायमचे बिऱ्हाड केले.

सालाँच्या परीक्षकांशी मात तिचे जमेना. १८७५ मध्ये तिने धाडलेले बहिणीचे व्यक्तिचित्र नाकारले गेले. तेच चित्र तिने पार्श्वभूमी काळवंडून पुढील वर्षी पुन्हा पाठविले, आणि ते स्वीकारले गेले! परीक्षकांना काय हवे असते हे तिला या एका प्रसंगाने कळून चुकले. १८७७ मध्ये तिची दोन्ही चित्रे परत आली. त्याच वर्षी एडगर देगा हा चित्रकार तिच्या चित्रशाळेत आला आणि दृक्प्रत्ययवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंडखोर चित्रकारांच्या मेळ्यात सामील होण्याचे निमंत्रण त्याने तिला दिले. देगाची रंगीत खडूंची चित्रे एका दुकानाच्या काचेमागे पाहून ती पूर्वीच भारावून गेली होती. तिने आनंदाने होकार दिला. यापुढे कोणा परीक्षक मंडळाच्या मर्जीसाठी आपले रंग काळवंडायचे नाहीत, हा निश्चय तिने त्या दिवशी केला व तो अखेरपर्यंत पाळला.

याच सुमारास तिचे वृद्ध आईवडील आणि थोरली बहीण लिडिया पॅरिसला तिच्याकडे राहावयास आली. वडिलांचा राग आता निवळला होता, पण व्यवहार सुटला नव्हता. चित्रशाळेचे भाडे, रंग आणि नमुन्यासाठी बसणाऱ्या माणसांचे वेतन हा सारा खर्च चित्रांच्या विक्रीतूनच भागला पाहिजे, अशी त्यांची अट होती. ही अट जाचक होती खरी. तथापि तिच्यामुळेच मेरीला हौशी म्हणविण्याची सवलत राहिली नाही. तिला विकले जाईल इतके चांगले काम करणे भागच पडले. दिवसभर चित्रशाळेत आणि उरलेला वेळ घरच्या माणसांत, असा तिचा क्रम सुरू झाला. जे जग तिला मोकळेपणी पाहता येई ते म्हणजे दिवाणखाना, बाग, चहाचे टेबल, वर्तमानपत्र वाचणारी आई, विणकाम करणारी लिडिया आणि घरी येणारी मुले. पुरुष सहकाऱ्यांना रंगभूमीचा मागचा भाग, रेल्वेस्थानके, मद्यगृहे हे सारे मोकळे होते. तिच्या वाट्याला घर आले. तेव्हा तिने ते घरच इतरांनी रंगभूमी पाहावी तितक्या बारकाईने पाहिले.

या पाहण्याचे पहिले मोठे फळ म्हणजे १८७८ मधील निळ्या खुर्चीतील मुलीचे चित्र. चार निळ्या फुलाफुलांच्या आसनांनी भरलेली एक खोली आहे. त्यांतील एका ऐसपैस खुर्चीत पांढऱ्या झग्यातील, चौकटीच्या पट्ट्याने कंबर बांधलेली एक छोटी मुलगी अक्षरशः पसरली आहे. एक हात डोक्यामागे, पाय फाकलेले, नजर खाली कोठेतरी. समोरच्या खुर्चीत एक लहानसा ग्रिफाँ जातीचा कुत्रा गाढ झोपला आहे. मुलगी हसत नाही, पाहणाऱ्याकडे पाहत नाही, नीटनेटकी बसत नाही. ती कंटाळली आहे. कुत्राही कोणाला रिझविण्यासाठी तेथे नाही. दुपारच्या त्या कंटाळ्यात तो केवळ तिचा भागीदार आहे. लहान मुलाला स्वतःचे मन असते, मोठ्यांच्या सोयीशी संबंध नसलेला स्वतःचा वेळ असतो, हे या चित्रात जितके निःसंकोच उमटले तितके त्यापूर्वी क्वचितच उमटले असेल. मोठ्या खुर्च्यांच्या त्या दाटीत मुलगी किती लहान आहे हे दिसते, आणि तरीही खोलीची मालकीण तीच वाटते. ज्या घरात मुले व मुकी जनावरे आहेत त्या घरातील कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही.

ही मुलगी देगाच्या स्नेह्यांची कन्या होती. चित्र चालू असता देगाने सल्ला दिला, इतकेच नव्हे तर मागील भागावर स्वतः कुंचलाही चालविला, असे मेरीने पुढे १९०३ मध्ये एका चित्रविक्रेत्यास कळविले आहे. २०१४ मध्ये वॉशिंग्टन येथे या दोघांच्या कलेचे प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने चित्राची अवरक्त किरणांनी तपासणी झाली आणि तिच्या सांगण्यास पुष्टी मिळाली. देगाने खोलीचा एक कोपरा तिरपा वळविला आणि खोलीस खोली आली. बाकी मुलगी, कुत्रा आणि त्या दुपारचा सुस्तपणा हे सर्व मेरीचे. एका श्रेष्ठ कलावंताने केलेली मदत तिने कधी लपविली नाही, आणि त्या मदतीने आपले काम उणे होते असेही मानले नाही. समानांच्या मैत्रीची हीच रीत असते.

हे चित्र तिने १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या विभागासाठी पाठविले. ते नाकारण्यात आले. देगाला चित्र आवडले असताना तीन परीक्षकांच्या मंडळाने, ज्यांतील एक तर औषधविक्रेता होता, ते परत धाडावे याचा संताप तिच्या मनातून पंचवीस वर्षांनीही गेला नव्हता. आज तेच चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात मानाने लावलेले आहे. १९८३ मध्ये ते मेलन दांपत्याच्या संग्रहातून तेथे आले.

१८७९ च्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात मेरी प्रथमच सामील झाली. प्रदर्शनास थोडा नफा झाला, आणि आपल्या वाट्याच्या रकमेतून तिने देगा व मोने यांची एकेक चित्र विकत घेतले. ग्रिफाँ जातीच्या कुत्र्यांची तिला आयुष्यभर आवड होती. देगाला स्वतःला कुत्र्यांचे वावडे होते, तरीही मैत्रिणीसाठी एक चांगले पिल्लू मिळावे म्हणून त्याने कुत्री पाळणाऱ्या लेपिक या आपल्या चित्रकार मित्राला मुद्दाम पत्र लिहिले होते. १८८३ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात सुझान नावाची तरुणी सज्जात बसली आहे, तिच्या मांडीवर असाच एक कुत्रा आहे आणि मागे पॅरिसची छपरे पसरली आहेत. कुत्र्याच्या नाकाडावरील विस्कटलेले केस मेरीने जितक्या आस्थेने रंगविले तितक्याच आस्थेने त्या तरुणीचा चेहरा.

परंतु घर जसे विषय पुरविते तसे ते वेळही मागते. लिडियाला मूत्रपिंडाचा असाध्य विकार जडला होता. ती मेरीची आवडती बहीण, सोबतीण आणि अनेक चित्रांची नायिका. चहाचा पेला हाती घेतलेली, बागेत विणकाम करणारी, भरतकामाच्या चौकटीवर वाकलेली लिडिया आपण आजही पाहू शकतो. त्या शांत चेहऱ्यामागे आजार आहे हे ठाऊक झाले की ती चित्रे अधिकच हृदयस्पर्शी वाटतात. नोव्हेंबर १८८२ मध्ये लिडिया वारली आणि मेरीचे काम काही काळ थांबले. पुढे वडील १८९१ मध्ये आणि आई १८९५ मध्ये निवर्तली. तोपर्यंतच्या वर्षांत औषधपाणी, हवापालट, बिऱ्हाड बदलणे हे सारे या अविवाहित मुलीनेच पाहिले. जिने चित्रकार होऊ नये म्हणून वडिलांनी आकाशपाताळ एक केले, त्याच मुलीच्या घरी त्यांची अखेरची वर्षे सुखाने गेली.

लग्न केले तर कलेस मुकावे लागेल अशी मेरीची समजूत होती. तिची समकालीन व सहकारी बर्त मोरिझो हिने मात्र संसार केला. १८७४ च्या पहिल्याच बंडखोर प्रदर्शनात भाग घेणाऱ्या या फ्रेंच चित्रकर्त्रीने त्याच वर्षी विवाह केला, आणि १८७८ मध्ये जन्मलेली तिची मुलगी झुली हाच पुढे तिच्या चित्रांचा प्रमुख विषय झाला. १८९३ मधील एका चित्रात काळ्या पोशाखातील झुली आपल्या लाएर्त नावाच्या कुत्र्यासह बसली आहे. हा सडपातळ शिकारी कुत्रा कवी मालार्मे याने तिला भेट दिला होता. झुलीचे वडील आदल्या वर्षीच वारले होते. चित्रात एक खुर्ची रिकामी आहे. दोन वर्षांनी झुलीच्या आजारपणात तिची शुश्रूषा करता करता बर्त स्वतः आजारी पडली व २ मार्च १८९५ रोजी मरण पावली. शेकडो चित्रे काढलेल्या या स्त्रीच्या मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात काही व्यवसाय नाही अशी नोंद झाली! विवाहित असो वा अविवाहित, घरातील विषय रंगविणाऱ्या स्त्रीच्या श्रमास व्यवसाय म्हणण्यास जग किती नाखूष होते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

१८९० मध्ये पॅरिसमध्ये जपानी छापचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ते पाहून मेरीने रंगीत छापचित्रे करण्याचा ध्यास घेतला. धातूच्या पत्र्यांवर रेखाटन कोरून, प्रत्येक पत्र्यास हाताने रंग लावून, एका मुद्रकाच्या साहाय्याने तिने दहा चित्रांची मालिका तयार केली व १८९१ मध्ये ती प्रदर्शित केली. प्रत्येक चित्राच्या अवघ्या २५ प्रती काढल्या. विषय तेच: पत्र चिकटविणारी स्त्री, केस विंचरणारी स्त्री, मुलाला न्हाऊ घालणारी आई. परंतु रेषेची ठाशीव शक्ती पाहून जाणकार थक्क झाले. याच अभ्यासातून १८९३ मध्ये मुलीचे पाय धुणाऱ्या स्त्रीचे सुप्रसिद्ध चित्र निर्माण झाले. ते आता शिकागोच्या कलासंस्थेत आहे.

त्याच १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात स्त्रियांचे एक स्वतंत्र भवन उभारले गेले. त्यासाठी आधुनिक स्त्री या विषयावर सुमारे ५८ फूट लांबीचे चित्र काढण्याचे काम मेरीला मिळाले. एवढा कॅनव्हास उभा कसा करावा? तिने काचेच्या छपराची चित्रशाळा उभारून जमिनीत चर खणविला, आणि चित्र त्यात खाली-वर करून रंगविले. मधल्या भागात ज्ञानवृक्षाची फळे तोडून लहान मुलींच्या हाती देणाऱ्या तरुणी तिने दाखविल्या. पुरुष त्यात एकही नव्हता. प्रदर्शन संपल्यावर ते चित्र कोठे गेले याचा पत्ता लागला नाही.

१८९४ मध्ये स्वतःच्या चित्रांच्या कमाईतून तिने पॅरिसपासून काही अंतरावर, वाझ प्रांतातील ल मेनिल-तेरिब्यू या गावी बोफ्रेन नावाचा जुना वाडा विकत घेतला. ज्या मुलीला रंगांसाठी घरातून पैसा मिळाला नव्हता तिचे हे स्वतःचे घर. आसपासच्या खेड्यांतील बायका व मुले तिच्यापुढे चित्रासाठी बसत. या काळातील तिच्या चित्रांत मुलांच्या मांडीवर पुन्हा कुत्री-मांजरे दिसू लागली. मोठाली टोपी घातलेली सारा नावाची मुलगी आपल्या कुत्र्याला धरून बसली आहे, तर अन्य एका चित्रात ती मांजर घेऊन बसली आहे. मूल स्थिर बसत नाही, जनावर तर मुळीच बसत नाही. तरी दोघांची एकमेकांवरील विश्वासाची पकड तिने अचूक टिपली. तरीही या उत्तरकाळातील काही चित्रांत निळ्या खुर्चीतील मुलीचा तो निर्भीड सच्चेपणा थोडा मवाळ झाला आहे, हे मान्य केले पाहिजे.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने तिला लीजन ऑफ ऑनर हा बहुमान दिला, तो तिने स्वीकारला. त्याच सुमारास अमेरिकेतील दोन कलासंस्थांनी देऊ केलेली पारितोषिके मात्र तिने नाकारली. परीक्षक नको आणि पारितोषिकही नको, हे आपल्या गटाचे ब्रीद ती विसरली नव्हती.

उतारवयात मधुमेह व मोतीबिंदू यांनी तिला ग्रासले. शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही आणि १९१४ च्या सुमारास कुंचला कायमचा खाली ठेवावा लागला. पाहणे हाच जिचा प्राण तिच्यावर हा आघात किती दारुण असेल! तरी ती स्वस्थ बसली नाही. १९१५ मध्ये तिची मैत्रीण लुइझिन हॅव्हमायर हिने स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठी न्यूयॉर्क येथे प्रदर्शन भरविले, त्यात तिची चित्रे ठेवली गेली. तिच्या भावजयीने व फिलाडेल्फियाच्या प्रतिष्ठित समाजाने त्यावर बहिष्कार टाकला. तेव्हा वारसांसाठी राखलेली चित्रे तिने विकून टाकली. १९२० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार मिळाला, तो तिच्या हयातीतच. हॅव्हमायर दांपत्याने तिच्या सल्ल्याने जमविलेला मोठा संग्रह १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाला. अमेरिकेस आधुनिक फ्रेंच कलेची ओळख घडविण्यात तिचा हा वाटा चित्रांइतकाच मोलाचा आहे. १४ जून १९२६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, बोफ्रेन येथे तिचा अंत झाला.

मेरी कॅसॅटचे सर्वच निर्णय प्रत्येकीला अनुकरणीय वाटतील असे नाही. लग्न न करण्याचा तिचा मार्ग तिच्या काळाने तिच्यावर लादलेला होता, आणि बर्त मोरिझोच्या उदाहरणावरून दिसते की दुसरा मार्गही सोपा नव्हता. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या घराने तिला मर्यादा घातल्या त्याच घरात तिने अपार आशय पाहिला, आणि तो व्यक्त करण्याच्या श्रमाचे मोल जगाकडून वसूल केले. आपल्या ज्ञातीतील एखादी मुलगी ओसरीवर बसून धाकट्या भावाचे आणि त्याच्या पायाशी झोपलेल्या मांजराचे चित्र काढीत असेल, तर वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. तिच्या विषयास क्षुद्र म्हणू नये. आणि तिला रंगांसाठी पैसा हवा असेल तर लग्नाच्या खर्चाच्या यादीकडे बोट न दाखविता तो द्यावा. रॉबर्ट कॅसॅट यांना हे उमगण्यास बराच काळ लागला. आपणांस तितका काळ लागू नये.